फोटो माझाच आहे, पण पूर आजचा नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी सांगलीत गावभागात राहतो. तीसेक वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, आता लग्नाच्या ऑर्डरी पोरगं बघतंय आणि मी दुकानात बसून पासपोर्ट साईज काढतो नि उरलेल्या वेळात पेपर वाचतो. तुमचा पेपर वडिलांच्या वेळेपासून घरात येतो. पत्र असं कधी लिहिलं नाही, अल्बमवर नवरा-नवरीची नावं टाकण्यापलीकडं माझं लिखाण नाही, तेव्हा शुद्धलेखन तुमच्या टेबलावर नीट करून घ्या, फक्त मुद्दा तेवढा कापू नका.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट, जुलै संपत आलेला. सकाळी सातला हिचा फोन वाजला, पुण्याहून लेक, रडायचीच बाकी होती. "आई, तुम्ही अजून घरातच? मारुती चौकात बोटी फिराय लागल्यात, बाबांना घे आणि गप मिरजेला काकांकडं जावा." आम्ही दोघं गॅलरीत आलो, खाली बघतोय तर दूधवाला सायकल स्टँडला लावून चहा पीत उभा, रस्ता नुसता ओला. म्हणलं कुठल्या मारुती चौकात बोटी बाई? मग तिनं एका न्यूज पोर्टलच्या बातमीची लिंक पाठवली. वर हे मोठं हेडिंग, सांगलीत कृष्णेचं रौद्ररूप, नागरिक भयभीत वगैरे, आणि फोटोत नारिंगी बोट, दोरी धरून बसलेली माणसं, अर्धा बुडालेला विजेचा खांब, त्याला बांधलेलं निळं पिंप आणि मागं एक पिवळा बोर्ड.

साहेब, तो फोटो मी काढलेला होता.

ऑगस्ट 2019 चा. मित्राच्या गच्चीवरून काढलेला, जिथं आम्ही तीन दिवस अडकून होतो, लाईट नाही, प्यायला पाणी नाही, कॅमेऱ्याची एकच बॅटरी उरलेली म्हणून मोजून फोटो काढत होतो. तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. ते निळं पिंप मित्राचंच, वाहून जाऊ नये म्हणून त्याच्याच पोरानं खांबाला बांधलेलं. पिवळा बोर्ड ज्या कापड दुकानाचा दिसतो त्यांनी 2021 च्या पुरानंतर कंटाळून दुकानच बंद केलं, आता तिथं मोबाईलच्या कव्हरवाला बसतो. म्हणजे सांगलीतला कुठलाही माणूस तो फोटो नीट बघता तर त्याला कळलं असतं की हा आजचा नव्हे, पण मोबाईलवर तळहाताएवढ्या चौकटीत कोण पिवळा बोर्ड बघत बसतंय, आणि पुण्यात बसलेल्या लेकीला तर काय दिसणार, तिला फक्त बोट दिसली.

फोटो त्यांच्याकडं गेला कसा म्हणाल तर मीच घरच्या ग्रुपवर टाकलेला, आम्ही ठीक आहोत हे कळावं म्हणून. तिथून तो कुठं कुठं गेला देवाला ठाऊक. व्हॉट्सॲपवरून फोटो गेला की कॅमेऱ्यानं त्याच्या पोटात लिहिलेली तारीख-वेळ गळून पडते, माझं नावही गेलं आणि 2019 पण गेलं. राहिला नुसता पूर, कधीही वापरा.

त्या दिवशी आयर्विनला पाणी होतं 31 फूट. 40 ला इशारा आणि 45 ला धोका हे सांगलीतल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ असतं, त्यामुळं गावातल्या माणसाला 31 सांगितलं की तो आंघोळ करून कामाला जातो. बातमीत खाली पाचव्या-सहाव्या ओळीत तो 31 फुटाचा आकडा लिहिलेला पण होता, हे गमतीचं आहे. म्हणजे बातमी खोटी नव्हती. शब्द सगळे बरोबर, कोयनेचा विसर्ग बरोबर, पाणलोटातला पाऊस बरोबर. खोटं बोलत होता तो माझा खरा फोटो.

ह्याच्यावर मी लई विचार केला, कारण धंदाच तो आहे. फोटोत फेरफार ही काय आजची गोष्ट नाही, आम्ही पण नवरीच्या गालावरचे फोड काढतच होतो, आधी ब्रशनं आणि मग फोटोशॉपनं. मोठमोठ्यांनी केलंय. नॅशनल जिओग्राफिकनं 1982 साली मुखपृष्ठावर बसावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड जवळ सरकवले होते, आमच्या लाईनमध्ये तो किस्सा सगळ्यांना माहितीय. 2006 ला रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या एका फोटोग्राफरनं बैरूतच्या फोटोत धूर वाढवला, पकडला गेला, त्याचा आणखी एक फोटो तसाच निघाला, तेव्हा त्यांनी त्याचे 920 फोटो विक्रीतून काढून टाकले, 920, दोन फोटोंपायी. आपल्याकडं 2015 ला चेन्नईच्या पुरावेळी पंतप्रधान विमानाच्या खिडकीतून बघतायत त्या फोटोत खिडकीबाहेरचं दृश्य चिकटवलेलं निघालं, पीआयबीला, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रसिद्धी खात्याला, तो काढून टाकावा लागला. पण ह्या सगळ्यात कुणीतरी बसून कारागिरी केलेली असते, जोड दिसतो, सावली चुकते, जाणकार माणूस पकडतो. जुन्या फोटोला जोडच नसतो ओ. तो शंभर टक्के खरा असतो. त्याला तुम्ही कितीही झूम करा, काही सापडणार नाही, कारण चूक फोटोत नाहीच, चूक फोटो आणि हेडिंगच्या मधल्या जागेत आहे.

आणि ह्याला काय लागतं? काहीच लागत नाही. एसीत बसलेल्या पोरानं किंवा पोरीनं "सांगली पूर" म्हणून शोधायचं, जो सगळ्यात भयंकर दिसतोय तो उचलायचा, चिकटवायचा, पुढची बातमी. त्या पोरांवर माझा फार राग नाही खरं तर, माझा भाचा एका पोर्टलला होता आठ महिने, दिवसाला ठरलेल्या बातम्या टाकायच्याच, आणि कुठली किती उघडली गेली त्याचा आकडा समोर भिंतीवर. तो म्हणायचा मामा, 31 फुटाचा फोटो लावला तर कोण उघडतंय, त्यात नुसती नदी दिसते. खरंय त्याचं. शांत नदीचा फोटो बघायला कोण येणार.

आता परिणाम ऐका. आमच्या शेजारी हळद-मिरचीचं दुकान आहे, त्या भावजींनी 2019 ला चाळीस पोती भिजवून बघितल्यात, ते काय थांबतात होय. त्यांनी सकाळी नऊला टेम्पो बोलावला, साडेचार हजार मोजून सगळा माल कुपवाडला पाहुण्यांच्या शेडात नेऊन टाकला, चार दिवसांनी परत तेवढेच मोजून आणला. दत्तनगरकडच्या एका ओळखीच्या घरात म्हातारी अंथरुणाला खिळलेली, तिला भर पावसात रिक्षातून मिरजेला हलवलं. पाणी काही आलं नाही. कुणी मेलं नाही, कुणाचं घर पडलं नाही, त्यामुळं ह्याची बातमी पण झाली नाही. पण खरा घोटाळा पुढं झाला. पंधरा-वीस दिवसांनी पाणी परत चढलं, ह्या वेळी महापालिकेची गाडी भोंगा लावून फिरली, सखल भागातल्यांनी सामान वर घ्या म्हणून, तर हेच भावजी दुकानाच्या पायरीवर बसून मला म्हणतात, "असू दे ओ, तुमचा फोटो आलाय का अजून? तो आला की बघू." हसलो दोघं. पण मला रात्री झोप लागली नाही. पाणी त्या वेळीही पायरीखालीच थांबलं, नशीब.

कारण 2019 ला नेमकं हेच झालं होतं, उलट्या बाजूनं. 2005 ला पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा लोकांनी भिंतीवर करून ठेवलेल्या, आणि लोक त्या खुणेवर विश्वास ठेवून बसले, त्याच्या वर येत नसतंय म्हणून. आलं. आमच्याच स्टुडिओत 2005 ला निगेटिव्हचे काही डबे भिजून गेले म्हणून मी नवीन मांडणी त्या खुणेच्या वीतभर वर केलेली आणि 2019 ला ती मांडणी पण गेली. त्यात वीस-पंचवीस वर्षांची लग्नं होती लोकांची. आजही कुणी येतं, आमच्या लग्नाची निगेटिव्ह असेल का म्हणून, आता त्यातला नवरा हयात नसतो, काय सांगायचं त्या बाईला. त्याच पुरात ब्रह्मनाळ गावात बोट उलटून जीव गेले ते तर सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. पुराच्या गावात नेमकी खबर किती मोलाची असते हे मी सांगायला नको. पाणी किती आहे, कुठं आहे, आत्ता आहे का काल होतं. आमचं सगळं तीन प्रश्नांत येतं, आणि जुना फोटो तिन्हींचं उत्तर चुकीचं देतो.

कोयनेचं घ्या. तिकडं सातारा जिल्ह्यात पाटणला धरण, 105 टीएमसीचं, त्याचं पाणी कृष्णेतून इकडं येतं, आणि धडधड होते आमची इथं. बातमी येते "कोयनेतून विसर्ग सुरू" आणि फोटो कुठला, तर सहाच्या सहा वक्र दरवाजे उघडलेत, पांढरंशुभ्र पाणी उसळतंय, वर तुषारांचा ढग. आत वाचावं तर पायथा वीजगृहाचं एक युनिट चालू करून 1050 क्युसेक सोडलंय. अहो 1050 क्युसेक म्हणजे कृष्णेला कळत सुद्धा नाही! दरवाजे तर बंदच असतात त्या वेळी. पायथा वीजगृह आणि दरवाजे ह्यातला फरक नदीकाठच्या शेतकऱ्याला कळतो, नदीवरच्या पंपाच्या मोटारी काढायच्या का नाही ते तो त्याच्यावर ठरवतो, पण फोटो निवडणाऱ्याला कळत नाही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या बातमीला तर मी एकदा चीनमधल्या धरणाचा फोटो लावलेला बघितलाय, आणि त्याच्याखाली आमच्याकडची माणसं कर्नाटकाला शिव्या घालत होती.

बरं, पूर सोडा. तासगाव भागात अवकाळी पडला की द्राक्षाच्या बातमीला कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या वर्षीच्या कुजलेल्या घडांचा फोटो. माझे साडू बागायतदार आहेत, ते म्हणतात व्यापारी तो फोटो मोबाईलवर दाखवून दर पाडतो, बघा तुमच्याकडं काय झालंय म्हणून, आणि ह्यांच्या बागेत एक मणी चिरलेला नाही. शिराळा-वाळव्याकडं उसात बिबट्या दिसला की फोटो आफ्रिकेतला, झाडावर बसलेला. आता तर एआयवाले बिबटे आलेत, सोसायटीच्या जिन्यात बसलेले, अगदी देखणे, एका पायाला सहा बोटं.

आणि गंमत म्हणजे ह्यामुळं खरं पण खोटं वाटायला लागलंय. 2019 च्या पुरात रायबाग तालुक्यात, बेळगाव जिल्ह्यात, घराच्या कौलांवर मगर येऊन बसलेली, त्याचा व्हिडिओ फिरत होता. आमच्या गच्चीवर कुणीही मानलं नाही, मी स्वतः फोटोवाला, मी छातीठोकपणे सांगितलं की हे जोडलेलं आहे. खरं निघालं ते. 2021 ला सांगलीत राजवाडा चौकात बिबट्या शिरला, ऐन शहरात, तर पहिला तासभर लोक मेसेज टाकणाऱ्यालाच वेड्यात काढत होते आणि त्यातले काही बघायला म्हणून तिकडंच निघाले, खोटा असेल तर काय होतंय म्हणून.

जत तालुक्यात लवंग्याला 2022 ला चार साधूंना मारहाण झाली, मुलं पळवणारे समजून. पंढरपूरला निघालेले लोक. त्याच्या आधी 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावानं ठार मारलं, तेही आपल्या मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी. तेव्हा गावोगाव कसले कसले फोटो मोबाईलवर फिरत होते हे आठवा, मेलेल्या लेकरांचे, कुठल्या देशातले, कुठल्या सालातले, आणि खाली लिहिलेलं आपल्या भागात टोळी आलीय. तुम्ही म्हणाल ते व्हॉट्सॲपचं, आमचा काय संबंध. संबंध एवढाच की फोटोखालची ओळ वाचायची नसते ही सवय लोकांना कुणी लावली.

कारण तुमचे लोक म्हणतील, आम्ही "संग्रहित छायाचित्र" लिहितो. लिहिता, मान्य. किंवा "प्रातिनिधिक". करड्या रंगात, मुंगीच्या अक्षरात. पण साहेब, ती बातमी आम्ही तुमच्या वेबसाईटवर जाऊन वाचत नाही ना आता. कुणीतरी लिंक टाकतं, चौकटीत फोटो आणि हेडिंग येतं, संपलं. "संग्रहित" तिथं येतच नाही, ते मागं वेबसाईटवर राहतं. दहातली एखादी व्यक्ती लिंक उघडत असेल, बाकीचे नऊ फोटो बघून पुढं पाठवतात, मी पण पाठवतो, खोटं कशाला बोलू. म्हणजे ती ओळ वाचकासाठी नाहीच, ती उद्या कुणी विचारलं तर दाखवायला आहे, दुकानात "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" लिहितात तशी. आणि मला सांगा, संग्रहित म्हणजे कुठल्या सालचा? कालचा का 2005 चा? "संग्रहित, ऑगस्ट 2019" लिहायला किती जागा जास्त लागते?

पूर्वी तुमच्याच पेपरात फोटोखाली यायचं, गुरुवारी दुपारी अमुक ठिकाणचं दृश्य, आणि पुढं छाया म्हणून फोटोग्राफरचं नाव. तुमच्या इथल्या फोटोग्राफरला मी ओळखत होतो, आमच्याकडं रोल घ्यायला यायचे, बिचारे पावसात स्कूटर घेऊन आयर्विनवर जायचे, धुवून प्रिंट काढून संध्याकाळच्या आत ऑफिसला पोचवायचे. आता नदीकाठच्या प्रत्येकाच्या खिशात त्यांच्यापेक्षा भारी कॅमेरा आहे आणि फोटो मात्र सात वर्षांपूर्वीचा. हे मला कोडंच आहे.

मी त्या पोर्टलला लिहिलं. 2021 च्या नियमांप्रमाणे न्यूज पोर्टलला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो आणि 15 दिवसांत तक्रारीवर निर्णय द्यावा लागतो, हे मला पोरानं शोधून दिलं. वेबसाईटच्या तळाशी एक ईमेल सापडला, त्यावर सगळं पाठवलं, मूळ फोटो, तारखेसकट, पिंपाची आणि बोर्डाची खूण करून. उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी फोटो गुपचूप बदलला, बोटीच्या जागी दुसरी बोट, ती मला वाटतं कोल्हापूरची आहे. चूक झाली होती, दुरुस्त केली, अशी एक ओळ नाही. आणि 15 दिवसांचं म्हणाल तर आमच्याकडं 15 दिवसांत पाणी येतं, उतरतं, चिखल काढून होतो आणि पंचनाम्याला तलाठी येऊन जातो.

मला पैसे नको होते त्यांच्याकडून, हे स्पष्ट लिहितो, कारण मित्र म्हणाला तू कॉपीराईटचा दावा लाव. मला फक्त लेकीला दाखवायला एक ओळ पाहिजे होती, की बाबा सांगत होते ते बरोबर होतं. ती अजून म्हणते, तुम्ही उगीच धीर द्यायला खोटं सांगत होता. म्हणजे बघा, बाप गॅलरीत उभा राहून सांगतोय रस्त्यावर पाणी नाही, आणि पोरगी फोटोवर विश्वास ठेवते, तोही बापानंच काढलेल्या.

तुम्हाला लिहायचं कारण असं की गेल्या महिन्यात तुमच्या वेबसाईटवर सुद्धा पाणीपातळीच्या बातमीला माझा नव्हे पण 2021 चाच फोटो बघितला, आयर्विनला पाणी टेकल्यासारखं दिसतंय तो. हा फोटो लांबून मोठ्या लेन्सनं घेतलाय, त्या लेन्सनं लांबच्या वस्तू एकमेकीला चिकटल्यासारख्या दिसतात, पूल आणि त्याच्यामागचं पाणी पण. म्हणजे 2021 ला सुद्धा ते तितकं जवळ नव्हतं. "संग्रहित" होतं खाली, मान्य. तरी पेपर तुमचा म्हणून जास्त लागलं. पोर्टलवाल्यांकडनं मी कधी अपेक्षा केली नव्हती.

माझं म्हणणं साधं आहे. पूर, अपघात, दंगल, जनावर, धरण, असल्या बातमीला आजचा फोटो नसेल तर लावूच नका, नुसता पातळीचा आकडा मोठा करून लावा, आम्ही वाचू. आणि जुना लावायचाच असेल तर साल फोटोच्या आत छापा, फोटोच्या अंगावर, कोपऱ्यात, म्हणजे फॉरवर्ड होताना ते पण जाईल. पाच मिनिटांचं काम आहे, तुमच्या पोरांना येत नसेल तर माझ्या दुकानात पाठवा, शिकवतो. फोटो टाकण्याआधी तो पूर्वी कुठं आलाय का हे शोधायला गुगल लेन्सवर एकदा टाकून बघणं हे तर आता दहावीतली पोरं करतात.

ह्या पत्रासोबत एक फोटो जोडलाय. आज सकाळी सव्वासातला आयर्विनवरून काढला, पातळी 18 फूट, दोन म्हशी आणि एक पोरगं आहे, बाकी काही नाही. छापाल असं वाटत नाही. छापलात तर खाली डाव्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ टाकलीय, आणि कॉलमात बसत नसेल तर उजवीकडून कापा, तिकडं नुसतं आभाळ आहे.

आपला,
एक जुना वाचक आणि फोटोवाला
गावभाग, सांगली